'कॅरी ट्रिगर'च्या नावाखाली गळ्यात काय मारतात ते बघा

अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसच्या आसपास देशी, म्हणजे आपल्या भारतीय नेमबाजांचे काही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. त्यांपैकी एकात एक गृहस्थ 'ट्रिगर जॉब', म्हणजे पिस्तुलाचा ट्रिगर बदलून ओढायला मऊ करण्याचं काम, करून देतात. मराठी बोलतात, रेंजवर भेटले की आपुलकीने चौकशी करतात. गराजमध्ये टेबल, शिकंजा, हत्यारं नीट मांडलेली आणि भिंतीवर ग्लॉक या पिस्तूल कंपनीच्या आर्मरर (पिस्तूल खोलून जोडणाऱ्याच्या) कोर्सचं सर्टिफिकेट. हे सर्टिफिकेट खरं आहे, आणि खरी मेख तिथेच आहे. हा एका दिवसाचा कोर्स. त्यात कारखान्याचे भाग काढून कारखान्याचेच भाग बसवायला शिकवतात. लोकांची पिस्तुलं पैसे घेऊन दुरुस्त करण्याचा धंदा करायचा तर फेडरल परवाना (एफएफएल) लागतो. तो या गृहस्थांकडे नव्हता. भिंतीवरच्या चौकटीकडे बघून कुणी विचारतही नाही.

माझं पिस्तूल ग्लॉक १९. रोज पट्ट्याच्या आत, पोटाशी असतं. कारखान्याचा ट्रिगर ओढायला साधारण साडेपाच पौंड, म्हणजे अडीच किलो जोर लागतो; थोडा रबरी लागतो, लांब ओढावा लागतो. गृहस्थ म्हणाले, "दादा, स्पर्धेवाला नको तुम्हाला. रोज जवळ बाळगायचा कॅरी ट्रिगर बसवतो, साडेचार पौंड, सगळ्या सेफ्ट्या जशाच्या तशा." नामांकित कंपनीचा अ‍ॅल्युमिनियमचा सपाट ट्रिगर, बसवणावळीसह २४० डॉलर. पैसे झेलने (बँकेतून थेट बँकेत पैसे पाठवायची सोय) पाठवा, कारण "पेपॅलवाले बंदुकीच्या भागांचे व्यवहार बंद करतात". यातही तथ्य आहे. पेपॅलच्या नियमांत तसं लिहिलेलंच आहे. फक्त झेलने गेलेला पैसा परत मागायला कुठे दार नसतं, एवढं ते सांगत नाहीत. या माणसाचं प्रत्येक वाक्य असं पाऊण खरं असतं.

ट्रिगर हाताला लोण्यासारखा लागला. रेंजवर गोळ्या जवळजवळ पडू लागल्या, मित्रांनी कौतुक केलं, आणखी दोघांनी या गृहस्थांकडे पिस्तुलं दिली.

बिंग फुटलं ते एका बचावात्मक नेमबाजीच्या वर्गात. तिथल्या प्रशिक्षकाने सुरुवातीलाच सगळ्यांची पिस्तुलं रिकामी करायला लावली, चेंबर (गोळी बसते ती जागा) स्वतः दोनदा तपासली आणि प्रत्येकाचा ट्रिगर एका विशिष्ट पद्धतीने धरून पाहिला. ग्लॉकच्या ट्रिगरच्या मधोमध एक पातं असतं. ते दाबलं गेल्याशिवाय ट्रिगर मागे जाता कामा नये. त्याने पात्याला न शिवता फक्त दोन कडांना धरून ट्रिगर मागे लोटला. माझा सरळ मागे गेला. "हे पिस्तूल आज इथे चालणार नाही, आणि कमरेलाही लावू नका," एवढंच म्हणाला आणि मला गोळीबाराच्या रेषेवरून बाजूला केलं.

मग पिस्तूल परवानाधारक गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. त्याने स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) उतरवून सगळं समोर मांडलं. ट्रिगर त्या नामांकित कंपनीचा नव्हताच, नक्कल होती. पात्याची स्प्रिंग इतकी मऊ की पातं नावापुरतं. पण नकली माल ही यातली लहान गोष्ट. ग्लॉकमध्ये आपोआप काम करणाऱ्या तीन सेफ्ट्या असतात: एक हे पातं, दुसरी फायरिंग पिनला (काडतुसावर आपटणाऱ्या सुईला) अडवणारी खुंटी, तिसरी म्हणजे ट्रिगर बारचा (ट्रिगरला जोडलेल्या पट्टीचा) मागचा क्रॉसच्या आकाराचा भाग एका कडेवर टेकून राहतो, म्हणजे पिस्तूल पडलं तरी तो खाली घसरत नाही. माझ्या पिस्तुलात हाच क्रॉस 'पॉलिश'च्या नावाखाली तासलेला होता आणि खुंटीखालची स्प्रिंग बदलून हलकी घातलेली होती. म्हणजे तिन्ही सेफ्ट्यांना हात लागला होता. मापकावर ट्रिगर तीन पौंडांच्याही खाली भरला. जो मऊपणा मला आवडला होता, तो तिथून आला होता. बोटाला ते कळण्याचा काही मार्गच नाही. चांगलं काम आणि कापलेली सेफ्टी दोन्ही हाताला सारखीच गुळगुळीत लागतात.

ओढायचा जोर सोडाच, ट्रिगरच्या तुकड्याचं स्वतःचं वजनही किती महत्त्वाचं असतं ते सिग या पिस्तूल कंपनीच्या पी३२० मॉडेलवरून २०१७ साली सगळ्यांना कळलं. विशिष्ट कोनात मागच्या बाजूवर पडलं तर ते पिस्तूल सुटू शकतं असं दिसलं, आणि कंपनीने ज्या सुधारणा देऊ केल्या त्यांत ट्रिगरचा तुकडा वजनाला हलका करणं ही मुख्य होती. पडताना ट्रिगरचा स्वतःचाच भार त्याला मागे नेत होता. हे कारखान्यात, अभियंत्यांच्या हातून झालं. आणि इथे आमचे गृहस्थ गराजमध्ये जड धातूचा ट्रिगर बसवून त्याला आवरणारं पातंच मऊ करतात.

फोन केला तर उत्तर काय? "गोळी नीट सुटते ना? मग झालं." जुने भाग मागितले, तर म्हणाले फेकले. पुढे त्याच ग्रुपवर 'कारखान्याचे, जवळपास न वापरलेले' ट्रिगर पंचवीस-तीस डॉलरला विकायला आले. ते कुणाच्या पिस्तुलातले, हे ज्याने त्याने ओळखावं. म्हणून कुणाकडूनही काम करून घेताना काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत मागा, आणि नव्या भागाचं खोकं आतल्या कागदासकट मागा. त्या कागदावर बसवल्यानंतरच्या तपासण्या दिलेल्या असतात, आणि पुष्कळ हलक्या ट्रिगरवर 'फक्त स्पर्धेसाठी' असंही छापलेलं असतं. मला खोकं मिळालं, कागद नव्हता. एटीएफ या बंदुकांचे परवाने देणाऱ्या फेडरल खात्याच्या 'ईझी चेक' पानावर परवान्याचा नंबर पडताळता येतो. नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्या हातात पिस्तूल देऊ नका.

गनस्मिथने कारखान्याचे भाग बसवून मजुरीसकट शंभराच्या आत काम केलं. पुन्हा तोच रबरी, लांब ट्रिगर. शर्टाचं टोक किंवा जाकिटाची दोरी होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) अडकली, तर त्या लांबीतच सावरायला वेळ मिळतो.

आता या माणसाचं गिऱ्हाईक कोण ते सांगतो, कारण खरा डाव तिथे आहे. ग्रुपमधले बरेच जण एच-१बी वर आहेत. फेडरल कायद्यानुसार अशा व्हिसावर बंदूक किंवा काडतूस बाळगताच येत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. टेक्सासने २०२१ मध्ये परवान्याची सक्ती उठवली म्हणून फेडरल बंदी उठली नाही. असा माणूस फसला तर तक्रार कुठे करणार? गृहस्थांना हे पक्कं ठाऊक आहे. त्यांच्यापैकी एकाला तर त्यांनी 'स्विच'सुद्धा देऊ केला होता. त्याने पिस्तूल मशीनगनसारखं चालतं, आणि नुसता जवळ सापडला तरी दहा वर्षांपर्यंत तुरुंग आहे.

माझं ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे मी जस्टिस कोर्टात दावा लावलाय. वीस हजार डॉलरपर्यंतचे दावे तिथे वकिलाशिवाय चालवता येतात. एफटीसीकडेही (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारं फेडरल खातं) तक्रार केली. माझ्यामागून पिस्तुलं दिलेल्या दोघांपैकी एक जण साक्षीला येतोय. दुसरा म्हणाला, माझं नाव कुठे येऊ देऊ नका, आणि पिस्तुलाबद्दल आधी वकिलाशी बोलायला गेला.