हाताच्या मापाची मूठ देतो म्हणाला आणि १८,५६५ रुपये घेऊन गेला

‘शेफील्डची हातबनावटीची डव्हटेल करवत, मूठ तुमच्या हाताच्या मापाची’ अशी जाहिरात ज्यांना सोशल मीडियावर दिसते आहे, त्यांनी पैसे पाठवण्याआधी हे वाचावं. (शेफील्ड हे हत्यारांसाठी नावाजलेलं इंग्लंडमधलं शहर, आणि डव्हटेल म्हणजे फळ्यांच्या टोकांना शेपटीच्या आकाराच्या खाचा कापून त्या एकमेकींत अडकवायचा सांधा.) माझे १८,५६५ रुपये गेले. आगाऊ म्हणून ६,०००, माल निघण्याआधी उरलेले ५,९००, मग ‘कस्टम ड्यूटी’ ४,१६५ आणि शेवटी ‘परत मिळणारी अनामत’ २,५००. त्या बदल्यात घरी आली ती पितळी रंग मारलेल्या पट्टीची एक करवत. तिच्यानं सागाचा एक ड्रॉवरसुद्धा धड सांधला जात नाही.

असे प्रकार कसे चालतात ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. वीजबिलाचा मेसेज, लॉटरी, अडकलेलं पार्सल, यातल्या कशालाही मी कधी भुललो नाही. आणि इथेही स्वस्ताच्या मोहानं गेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण घरच्यांपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांनी तोच अर्थ काढला. ११,९०० रुपये ही काही लुटीची किंमत नव्हती. चांगल्या करवतीला एवढे पैसे पडतात आणि ते मोजायची माझी तयारी होती.

मी सागाचे ड्रॉवर आणि डबे करतो, खिळा-स्क्रू न लावता, डव्हटेलनं सांधलेले. ड्रॉवरच्या बाजू १२ मिलिमीटरच्या, पुढची फळी १८ ते २० ची. या कामाची करवत मला आपल्या बाजारात मिळाली नाही. पुण्यात बोहरी आळी पालथी घातली, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. मिळते ती बारा इंची टेनन सॉ, म्हणजे मोठ्या सांध्यांची करवत. दात मोठे, पातं जाड आणि मुठीच्या कडा अशा चौकोनी की तासाभरात अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो. दुकानदारांना तरी काय बोलणार? सगळं काम प्लायवूड आणि मशीनवर गेलं, हाताच्या करवतीला विचारतो कोण! पण मग माझ्यासारख्यानं हातात धरून, तोलून बघून करवत घ्यायची कुठे? ‘न बघता कशाला घेतली’ असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

त्या माणसानं नेमकं हेच हेरलं होतं. जाहिरातीत लिहिलं होतं की मुठीत तीनच बोटं बसली पाहिजेत, तर्जनी बाहेर, पात्याच्या दिशेनं सरळ. हे अगदी खरं आहे. तर्जनी सरळ राहिली की करवत मनगटात फिरत नाही. चारही बोटं आत मावत असतील तर मूठ मोठी आहे, आणि वरचं-खालचं टोक तळव्यात रुततं तर लहान. पुढे लिहिलं होतं की डव्हटेलची करवत रिपच्या, म्हणजे रेषांच्या दिशेनं उभं कापणाऱ्या दातांची हवी. हेही खरं. डव्हटेलची चीर बहुतेक लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच खाली उतरते, तिथे पटाशीसारखे सरळ धारेचे दात लागतात. आडव्या कापाच्या करवतीचे दात सुरीच्या टोकासारखे तिरके घासलेले असतात. ते रेषा तोडायला चांगले, पण इथे चीर हळू जाते.

एवढं नेमकं लिहिणारा माणूस भामटा असेल असं कुणाला वाटेल? त्यानं आलेख कागदावर पंजा ठेवून फोटो मागवला. तर्जनीच्या मुळापासून करंगळीच्या मुळापर्यंतचं माप मागितलं. मी पाठवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या मापाची म्हणून एका मुठीची आकृती आली, टोकापासून टोकापर्यंतचे आकडे घालून. आजवर एकाही दुकानदारानं माझ्या हाताचं माप विचारलेलं नाही. मी ६,००० रुपये पाठवले.

आता तो क्षण. मी विचारलं, “पात्याची जाडी किती?” उत्तर आलं, “सर, ४२० ग्रॅम.”

मला वाटलं, टायपिंगची चूक असेल. पुन्हा विचारलं. “सर, प्रीमियम स्टील आहे, वाकणार नाही.” इथे मी थांबायला हवं होतं. इथेच. जो माणूस करवत बनवतो, तो झोपेतसुद्धा पात्याची जाडी सांगेल, कारण करवत त्या आकड्यापासूनच सुरू होते. डव्हटेलच्या करवतीचं पातं साधारण अर्ध्या मिलिमीटरचं असतं, अधिक पातळ हवं तर ०.३८ चं. पातळ पात्यानं चीर बारीक पडते, पण नवख्या हातात ते वाकतं. अर्ध्या मिलिमीटरचं जरा जास्त सहन करतं. हे मला तेव्हाही पाठ होतं. प्रश्न मीच विचारला, उत्तर चुकीचं आलं, ते मला चुकीचं दिसलं, आणि तरी मी उरलेले ५,९०० भरले. का, तर माझ्या हाताच्या आकृतीवर माझा जीव जडला होता. रात्री अजून जाग येते ती त्या ‘४२० ग्रॅम’नं.

तेव्हा विक्रेत्याला पैसे देण्याआधी हे चार आकडे विचारा: पात्याची जाडी, इंचाला दात किती, पाठीखाली (पात्याच्या वरच्या कडेवरची धातूची पट्टी म्हणजे पाठ) कापायला खोली किती, पात्याची लांबी किती. लांबी आठ ते दहा इंच पुरते. खोली दीड ते दोन इंच. दात १४-१५ असले तर १८-२० मिलिमीटरच्या फळीला बरे, सहा-आठ मिलिमीटरच्या डब्यांना १८-२० लागतात. फळी १२ ची असेल तर इंचाला १५ दातांच्या करवतीचे सातच दात एका वेळी लाकडात असतात, म्हणजे दात याहून मोठे झाले की करवत उड्या मारायला लागते. यातला एकही आकडा चटकन आला नाही की बोलणं तिथेच संपवा.

मग आला कस्टमचा फोन. बाई बोलत होत्या, कार्यालयाचा आवाज मागे. पार्सल विमानतळावर अडकलं आहे, ४,१६५ भरा. मला वाटलं, परदेशी वस्तूवर ड्यूटी लागतेच. लागतेच की! खोटं असं त्यात काही नव्हतं, फक्त पैसे एका यूपीआयवर मागितले आणि पैसे जाण्याआधी पडद्यावर नाव आलं ते कुणा खासगी माणसाचं. ते नाव मी वाचलं. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, ते आमचे क्लिअरिंग एजंट. वर २,५०० अनामत, केवायसी झाली की परत. सरकारी ड्यूटी कुणाच्या वैयक्तिक खात्यात जात नसते. कस्टमच्या पत्रावर डिन नावाचा, म्हणजे त्या पत्राच्या ओळखीचा क्रमांक असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो, ही व्यवस्था २०१९ पासून आहे. मला हे पैसे गेल्यावर कळलं. तुम्ही आधी वाचा, आणि अनामत हा शब्द ऐकला की फोन ठेवा.

पार्सल आलं तेव्हा मी चिठ्ठी बघितली. बुकिंग देशातलंच, शेजारच्या राज्यातलं. विमानतळ नाही, कस्टम नाही, काही नाही. करवत काढली, जाडी मोजायला व्हर्नियर लावला. पातं ०.९ मिलिमीटर. चीर पडते ती सव्वा मिलिमीटरच्या वर. पाठीची पट्टी लोखंडी, वर पितळी रंग, नखानं खरवडला तर निघतो. आणि नीट चिमटलेलीही नाही, गोंदानं चिकटवलेली. खऱ्या दुमडलेल्या पितळी पाठीची गंमत ही असते की पातं वाकलं तर पाठीवर हलके ठोके देऊन ते ताणून सरळ करता येतं. इथे ठोका दिला असता तर पाठच हातात आली असती. दात आडव्या कापाचे, टोकांना निळसर काळी झाक. म्हणजे दात तापवून कडक केलेले, त्यावर कानस नुसती घसरते. सागात वाळूसारखी सिलिका असते, ती धार खाते. सागाचं काम करणाऱ्यानं त्रिकोणी कानशीनं धार लावता येत नाही अशी करवत कधीच घेऊ नये, मग ती शेफील्डची असो नाहीतर ओढून कापायची जपानी. जपानी करवतीची चीर बारीक पडते, पण बहुतेकींचे दात असेच कडक केलेले असतात, बोथट झाले की पातंच बदलायचं.

आणि मूठ? माझ्या मापाची मूठ? चार बोटं आत जाऊन वर जागा उरते.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांचं ऐका. बँकेत गेलो. “पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार तुमच्या संमतीनं झाला.” रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक ग्राहकाला संरक्षण देतं ते त्याच्या नकळत झालेल्या व्यवहारांना, हे मला काउंटरवरच्या मुलानं असं ऐकवलं जणू मी त्याचे पैसे मागायला आलो होतो. पण पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला ताबडतोब कळवून रक्कम रोखायला, एवढं करायला कुठलं परिपत्रक आडवं येत होतं? अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का नाही म्हणाले. बँकेत शिक्का नाही!

पोलीस ठाण्यात तर विचारूच नका. अंमलदारानं आधी रक्कम ऐकली आणि सहकाऱ्याकडे वळून म्हणाला, “अठरा हजारांची करवत!” दोघं हसले. मग मला म्हणाले, “काका, वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा.” मी सांगितलं की खोट्या कस्टमचे ६,६६५ रुपये वेगळे आहेत, त्याची वस्तू कुठली मिळाली? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे. त्यावर, “तुम्ही वकील आहात का?” ऑनलाइन तक्रार केली, ती फिरून त्याच ठाण्यात आली आणि काही दिवसांनी कुणी एक फोनसुद्धा न करता बंद झाली. ज्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव माझ्याकडे आहे, फोन क्रमांक आहे, पार्सल कुठून निघालं ते आहे. याहून जास्त पुरावा सामान्य माणसानं कुठून आणायचा? चोर पकडून आणून द्यायचा का ठाण्यात? कुरिअरवाल्यांना पाठवणाऱ्याचा पत्ता विचारला तर म्हणे पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, पत्र तपास सुरू झाल्यावर. तपास कधी? गुन्हा दाखल झाल्यावर. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, सगळं छान आहे, पण समोरच्याचा पत्ता लागतो. तो कुरिअरवाल्याकडे आहे.

कष्टाचे पैसे होते हो. दोन ड्रॉवरच्या संचांची मजुरी.

विक्रेत्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव पानावर असणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. नसेल तर पुढे जाऊ नका. दातांचा जवळून फोटो मागवा, तोही त्या दिवशीचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून. मूठ आपल्या मापाची हवी असेल तर साधी सरळ दांड्याची, पाठ असलेली बारीक दातांची करवत घ्या आणि मूठ स्वतः शिसवीची करा. मी आता तेच करतो आहे, पुठ्ठ्यावर आकार कापून, हातात धरून, घासून घासून.

जाहिरात अजून चालू आहे, खात्याचं नाव बदलून. व्हिडिओ मात्र तोच: पांढऱ्या बाकावर निळा शिकंजा, डाव्या कोपऱ्यात दिव्याची सावली, आणि करवत चालवणाऱ्याचं तोंड कधीच दिसत नाही. कुणी आगाऊ रक्कम भरून बसला असेल तर कस्टमचा फोन येईल. उचलू नका, आणि त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीचा १९३० लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तरच अडकवता येतात, आणि मला ते कुणी वेळेवर सांगितलं नाही.