उद्यमबागेच्या शेडवर कॉलेजची पोरं: एका जॉबवर्कवाल्याचा रिव्ह्यू

आधी हिशोब सांगतो, मग बाकीचं. उद्यमबाग म्हणजे बेळगावची औद्योगिक वसाहत, माझं शेड तिथं. शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या इंडस्ट्री सेलकडून, म्हणजे पोरं आणि कारखाने जोडून देणाऱ्या विभागाकडून, मी दोन इंटर्न घेतले. सेलला एक रुपया द्यावा लागला नाही. पोरांचा स्टायपेंड आणि दुपारचं जेवण माझ्याकडं. त्या बदल्यात शेडमधलं एक जुनं दुखणं बरंच कमी झालं. पाचात चार स्टार. पाचवा का कापला ते खाली येतंयच.

माझं काम हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) व्हॉल्व्हच्या बॉडी मशीन करून द्यायचं. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीनं), एक होनिंग (भोक आतून घासून गुळगुळीत करणारं मशीन), दोन जुने लेथ आणि चौदा माणसं. कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाची कच्ची बॉडी, येतं मच्छेकडच्या फाउंड्रीतून. बेळगावात असंच चालतं, एक ओततो, दुसरा मशीन करतो, तिसरा जोडून रंग मारून पुण्याला पाठवतो. व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं) मुख्यालय १९९८ पासून इथंच आहे, कॉलेजं तर गल्लोगल्ली. खरं मेकॅनिकलचं पोरगं पास झालं की बेंगळुरूची रात्रीची गाडी धरतं. उद्यमबाग त्याला बसच्या खिडकीतून दिसलेली असते, तेवढीच ओळख.

याआधीही पोरं यायची की. सुट्टीत दोन आठवडे यायची, कोपऱ्यात उभी राहून मोबाईल बघायची आणि शेवटच्या दिवशी लेटरहेडवर सर्टिफिकेट मागायची. कुणाचा काका ओळखीचा, कुणाचा मामा बँकेत, मग द्यायचं. माझ्या पुतण्यानं तर ऑनलाइन कुठल्याशा कंपनीला पैसे भरून घरबसल्या इंटर्नशिप केली. व्हिडिओ बघितले, प्रश्न सोडवले, रंगीत सर्टिफिकेट आलं. त्याला व्हर्निअर हातात दिला तर मेन स्केल कुठली आणि व्हर्निअर स्केल कुठली हे सांगताना घाम फुटला. म्हणून सेलच्या सरांचा फोन आला तेव्हा मी सरळ म्हटलं, "सर्टिफिकेट पाहिजे असेल तर सांगा, आत्ताच छापून देतो. पोरं कशाला पाठवता?"

सर हसले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः आले. या सेवेचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट हाच. ऑफिसात बसून चहा पिऊन गेले नाहीत. शेडवर फिरले, होनिंगच्या मशीनजवळ बराच वेळ थांबले, आमच्या सेटर अण्णांशी कन्नडमध्ये गप्पा मारल्या. मग मला विचारलं, "तुम्हाला रात्री झोप लागू न देणारं काम कुठलं?" किती पोरं घेणार, ब्रँच कुठली पाहिजे, हे नंतर. मी रिजेक्शन दाखवलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि त्या कामाला जमतील अशी दोन पोरं निवडून पाठवली. मधला माणूस असा असला तर ही योजना चालते, नाहीतर नुसते करारावर सह्या करतानाचे फोटो.

रिजेक्शन म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. व्हॉल्व्हच्या बॉडीत स्पूलचा, म्हणजे आत सरकणाऱ्या दांड्याचा, बोअर असतो. मिलिंग झालं, ड्रिलिंग झालं, बोअरिंग झालं, आणि शेवटी होनिंगला चकचकीत झाल्यावर आत टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं. ब्लोहोल. तेलाच्या दाबाखाली ते गळणार, म्हणजे बॉडी भंगारात. फाउंड्रीवाला कास्टिंग बदलून देतो, खरं त्यावर घातलेली आमची सगळी मशीनिंग पाण्यात. दर महिन्याला भांडण. तो म्हणणार, तुमचं फिक्श्चर (मशीनवर बॉडी धरून ठेवणारी पकड) बरोबर नाही. आम्ही म्हणणार, तुमचा माल पोकळ. पुरावा दोघांकडंही नाही.

दोन पोरांतली मुलगी बैलहोंगलची. रोज बसनं येजा करायची. कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी साध्या बसचं तिकीट नाही, म्हणून तिच्या घरच्यांना ते परवडलं. नाहीतर माझ्या स्टायपेंडातला चांगला मोठा घास बसनंच खाल्ला असता. मुलगा खानापूरकडचा, त्याला पास काढावा लागला. स्टायपेंड ठरवताना मालकांनी हा फरक लक्षात घ्यावा.

पहिला आठवडा तिनं काहीच "केलं" नाही. फक्त बघितलं. आमच्या ऑपरेटरला वाटलं, आली आणखी एक मोबाईलवाली. मग तिनं होनिंगच्या मशीनला एक शंभर पानी वही लटकवली, दोरीनं पेन्सिल बांधली. प्रत्येक पानावर बॉडीचं उभं आणि आडवं चित्र, बोअरचे सहा भाग पाडलेले. भोक दिसलं की त्या भागात फुली मारायची आणि शेजारी कास्टिंगवरचा हीट नंबर, म्हणजे ते कुठल्या ओतीचं आहे तो नंबर, लिहायचा. एवढंच. कॉम्प्युटर नाही, ॲप नाही. ऑपरेटरला वाचायला लागू नये म्हणून तिनं चित्र काढलं होतं, कारण आमच्याकडं एकाला मराठी लिहिता येतं, एकाला कन्नड, आणि एक बिहारचा. फुली तिघांनाही येते.

महिनाभरात फुल्या एका बाजूला गोळा झाल्या. बॉडी उलटसुलट करून बघितल्यावर कळलं की ती बाजू ओतताना साच्याच्या वरच्या पेटीत असते, आणि फुल्या जास्त करून कोर (आतली पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा) जिथं टेकतो त्याच्या जवळ. म्हणजे कोरमधला गॅस बाहेर पडायला वाट मिळत नाही, तो वर चढून तिथंच अडकतो. फिक्श्चरचा दोष असता तर बोअर तिरका झाला असता, भोकं पडली नसती. हे अण्णांना तीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं आणि ते बोलूनही दाखवायचे, खरं फाउंड्रीवाल्यापुढं "मला वाटतंय" चालत नाही. वही चालते.

ती दोघं वही घेऊन फाउंड्रीत गेली. मी मुद्दाम गेलो नाही, मी गेलो असतो तर जुनंच भांडण निघालं असतं. तिथल्या सुपरवायझरनं पानं चाळली, कोरचा एक तुकडा मोडून वास घेतला आणि म्हणाला, "पावसाळ्यापासनं कोर नीट वाळंना झालाय." त्यांनी ओव्हनमधला वेळ वाढवला, कोरला व्हेंट (गॅस जायची वाट) मोठा केला. पुढच्या लॉटपासून रिजेक्शन निम्म्याच्याही खाली आलं. सगळं श्रेय पोरीचं, असं मी म्हणणार नाही, फाउंड्रीनंही मनावर घेतलं. पण वही नसती तर त्यांनी मनावर घेतलं नसतं.

मुलाचं थोडक्यात सांगतो. हुशार, नम्र, वेळेवर यायचा, आणि मन सॉफ्टवेअरमध्ये. शेडमध्ये कूलंटचा (मशीनिंग करताना गार ठेवायला सोडतात त्या द्रवाचा) वास त्याला सोसत नव्हता. आमचा टूलचा स्टॉक एक्सेलमध्ये चांगला लावून दिला, तो आम्ही अजून वापरतो. एका आयटी कंपनीचा इंटरव्ह्यू लागला आणि तो गेला. माझी तक्रार नाही. चार महिन्यांत हे आपलं काम नव्हे एवढं जरी कळलं तरी बापाचे पैसे वाचले.

आता कापलेला स्टार. व्हीटीयूच्या २०२२ च्या स्कीममध्ये शेवटच्या वर्षाला १४ ते २० आठवड्यांची इंटर्नशिप आहे, क्रेडिटसकट. हे उत्तम. दोन आठवड्यांत पोरगं मशीनला घाबरायचंच थांबतं, काम त्यानंतर सुरू होतं. खरं या कॉलेजनं त्यातही आठवड्यातनं एकदा, कधी बुधवारी तर कधी गुरुवारी, रिव्ह्यूला म्हणून पोरांना परत बोलावलं. कुठल्या दिवशी ते आदल्या संध्याकाळी कळायचं. लॉट चालू असताना वही लिहिणारं माणूस गायब. गाईड म्हणून नेमलेले प्राध्यापक शेडवर एकदाही फिरकले नाहीत, आणि रिपोर्टचा नमुना असा की त्यात "कंपनीचा इतिहास" आणि "संघटनेची रचना" यांना पानंच्या पानं. माझ्या कंपनीची रचना काय लिहिणार? वर मी, खाली अण्णा, खरं चालतं अण्णांचं. फुल्यांच्या वहीला त्या रिपोर्टात जागाच नव्हती, शेवटी तिनं फोटो काढून परिशिष्टात चिकटवले.

सेलच्या सरांनीच एकदा चहा पिताना सांगितलं की शिकता शिकता कारखान्यात काम करायची ही पद्धत अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली सुरू झाली. २७ विद्यार्थी होते, आठवडा वर्गात आणि आठवडा कारखान्यात, आळीपाळीनं. मी म्हटलं, तसं ठरलेलं वेळापत्रक द्या, मी आनंदानं पाळतो. अर्धवट बुधवार नको.

पैशाचं विचारणाऱ्यांसाठी. इंटर्न आणि अप्रेंटिस वेगळे. पास झालेल्या पदवीधराला अप्रेंटिस म्हणून घ्यायचं असेल तर केंद्राची नॅट्स योजना आहे. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिना किमान ९,००० रुपये ठरले, त्यातला निम्मा भाग सरकार भरतं. तीस किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक, चार ते एकोणतीस असतील तर मर्जी. म्हणजे उद्यमबागेतल्या माझ्यासारख्या बहुतेक शेडवाल्यांची मर्जीच. २०२४ मध्ये आलेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना मोठ्या पाचशे कंपन्यांसाठी आहे, तिथं आपला नंबर नाही. शिकत असलेल्या पोरासाठी आपल्यापुढं कॉलेजचा सेल हाच रस्ता.

घेणार असाल तर तीन गोष्टी आधीच लिहून घ्या: अपघात विमा कुणाचा, रिव्ह्यूचा वार कुठला, आणि गाईड शेडवर किती वेळा येणार. विमा आमच्यावेळी कॉलेजचा होता, कागद मागून घेतला. सेफ्टी शूज मी दिले. ओढणी, सैल बाही, हातातलं कडं, सगळं बाहेर ठेवायचं, आणि फिरत्या लेथवर हातमोजे घालायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी अण्णांनी दोघांना दोन भाषांत ओरडून सांगितलं.

मुलगी आता फाउंड्रीतच क्वालिटीला लागली आहे. माझ्याकडं जागा होती, पगार तिकडं जास्त होता, काय करणार. भांडण आता तिच्याशी असतं, आणि ती आमच्याच वहीची पानं काढून दाखवते. जानेवारीच्या बॅचला मी पुन्हा दोन मागितलेत. सरांनी काम विचारलं तेव्हा कूलंट सांगितलं: महिन्याला किती बॅरल जातं, किती मशीनमधून गळतं आणि किती चिपांबरोबर (धातूच्या किसाबरोबर) भंगारवाल्याकडं जातं, ते कुणीतरी मोजून द्या.