व्हिडिओट्रॉन सेंटर, क्वेबेक सिटी: घर तयार आहे, संघ तेवढा द्या

मी मूळची खडकीची, धनराज पिल्ले यांच्या गावची. हॉकी लहानपणापासून डोळ्यांसमोर. मॉन्ट्रियलला आल्यावर मातीच्या जागी बर्फ आला, एवढंच. या फेब्रुवारीत लेकाने हट्ट धरला म्हणून अडीचशे किलोमीटर गाडी हाकत क्वेबेक सिटीच्या व्हिडिओट्रॉन सेंटर या बर्फावरच्या हॉकीच्या सभागृहात पी-वी स्पर्धा बघायला गेलो. लहान मुलांची ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा या शहरात 1960 पासून भरते.

मुद्दाम सर्वांत वरच्या मजल्यावर, गोलच्या मागची तिकिटं काढली. तिथला उतार चांगला खडा आहे, त्यामुळे पुढच्याचं डोकं आड आलं नाही आणि खालचा गोलही अख्खा दिसला. हे मुद्दाम सांगते, कारण दुसऱ्या एका शहरात बास्केटबॉलसाठी बांधलेल्या सभागृहात आम्हाला जवळचा गोल दिसलाच नव्हता. निम्मा सामना पडद्यावर बघितला. इथे 18 हजारांवर खुर्च्या हॉकीचा विचार करूनच मांडल्या आहेत. आणि प्रेक्षक! परगावच्या पोरांनी पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) अडवला तरी अख्खा स्टँड टाळ्या वाजवत होता. शेजारचे आजोबा नॉर्दीक या इथल्या जुन्या संघाची फिकट निळी जर्सी घालून आले होते. तो संघ 1995 मध्ये डेन्व्हरला गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च हॉकी लीगचा स्टॅनली कप जिंकला. या गावाने ते कसं सोसलं असेल!

2015 मध्ये सुमारे 37 कोटी डॉलर खर्चून, तेही जनतेच्या पैशातून, ही वास्तू उभी राहिली ती एनएचएल परत यावी म्हणून. 2016 मध्ये नवा संघ लास वेगासला मिळाला, क्वेबेकचा अर्ज बाजूला राहिला. अडचणी खऱ्या आहेत: खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये, तिकिटांची कमाई कॅनेडियन डॉलरमध्ये, शिवाय लीगच्या पूर्व विभागात तेव्हा आधीच पश्चिमेपेक्षा दोन संघ जास्त होते. पण कॅनडातलंच विनिपेग शहर बघा. 2021 च्या जनगणनेत दोन्ही महानगरांची लोकसंख्या 8 लाख 30 हजारांच्या घरात. विनिपेगचं सभागृह जेमतेम 15 हजारांचं, तरी 2011 मध्ये अटलांटाचा संघ तिथे आला आणि टिकला. मग क्वेबेकला का नाही?

मात्र माझं मत नव्या संघालाच. दुसऱ्या गावाचा संघ उचलून आणला, तर तिथेही कुणाचे तरी आजोबा जुनी जर्सी घालून बसतील.

सध्या इथे राम्पार हा ज्युनियर संघ खेळतो, 2023 चा मेमोरियल कप (कॅनडाच्या ज्युनियर हॉकीचं अजिंक्यपद) जिंकलेला. एनएचएलचा संघ येईपर्यंत त्यांचा सामना नक्की बघा. बाजूलाच ग्राँ मार्शे बाजार आहे, तिथून आधी चीज-ब्रेड घ्या. पायात लोकरी मोजे हवेतच. गाडीपासून दारापर्यंतची दहा मिनिटं फेब्रुवारीत फार लांब वाटतात.