जर्मनीचा इंटिग्रेशन कोर्स: ७०० तासिकांत काय मिळतं, काय राहून जातं

जर्मनीत राहायला आलेल्या माणसाने किती बदलावं? सरकारी उत्तर तासिकांमध्ये मोजता येतं: ६०० तासिका भाषेच्या, १०० देशाच्या ओळखीच्या, प्रत्येक तासिका ४५ मिनिटांची. हा कोर्स नव्या स्थलांतर कायद्याबरोबर २००५ साली सुरू झाला. वर्ग चालवतात फोल्क्सहोखशूल ही प्रौढशिक्षण केंद्रं किंवा खासगी भाषाशाळा. अभ्यासक्रम, मान्यता आणि अनुदान मात्र बामफ या स्थलांतर आणि निर्वासितांच्या केंद्रीय कार्यालयाकडून येतं.

२००५च्या आधीची परिस्थिती माहीत असली की या कोर्सची किंमत कळते. पश्चिम जर्मनीने कामगार आणण्यासाठी १९५५मध्ये इटलीशी आणि १९६१मध्ये तुर्कस्तानशी करार केले. ही भरती १९७३मध्ये थांबली, पण आलेल्यांपैकी लाखो लोक इथेच राहिले. ते परत जाणार हे गृहीत धरल्यामुळे भाषा शिकवण्याची पुरेशी सोय कुणी केली नाही. कारखान्यात तीस वर्षं राबलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाताना मुलाला दुभाषा म्हणून न्यावं लागलं, तर दोष त्या माणसाचा कसा? शिकायची अट घालायची तर शिकायची सोयही द्यायला हवी. या कोर्सने ती दिली, आणि त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच आहे.

आता खर्च. स्वतः पैसे भरणाऱ्याला तासिकेमागे २.२९ युरो पडतात, म्हणजे पूर्ण कोर्सचे १,६०३ युरो. ते एकदम भरायचे नसतात. दर शंभर तासिकांच्या टप्प्याआधी २२९ युरो भरायचे. कोर्सला बसण्याचं हक्कपत्र मिळाल्यापासून दोन वर्षांत भाषेची आणि देशाच्या ओळखीची अशा दोन्ही परीक्षा पास झाल्यास निम्मे पैसे परत मिळतात, पण त्यासाठी बामफकडे स्वतः अर्ज करावा लागतो. सरकारी निर्वाहभत्ता घेणाऱ्यांना फी माफ असते.

खरी अडचण मुदतीची आहे. पहिलं निवास परवानापत्र मिळाल्यापासून एका वर्षात नाव नोंदवलं नाही, तर कोर्सचा हक्क संपतो. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराला मिळणारा निवास परवाना. ते असणाऱ्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए१ या पहिल्या भाषापातळीची अट नसते, त्यामुळे भाषेचा गंध नसतानाही इथे येता येतं. मग घर शोधणं, मुलांची शाळा, विमा यांत दहा महिने कसे सरतात ते कळत नाही. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात परवाना घ्यायला जाल त्याच दिवशी हक्कपत्र मागा आणि त्याच आठवड्यात दोन-तीन शाळांना वर्ग कधी सुरू होणार ते विचारा. शाळेने नुसतं प्रतीक्षायादीत नाव घातलं आणि तारीख दिली नाही, तर दुसरीकडे चौकशी करा.

प्रवेशाआधी पातळी ठरवणारी चाचणी होते. इथे नम्रपणे कमी बोलू नका. येतं तेवढं सगळं लिहा, नाहीतर माहीत असलेल्या गोष्टींसाठी टप्प्याला २२९ युरो मोजाल.

भाषेचा भाग चांगला आहे, आणि मराठी माणसाला तर त्यात चक्क सवलत आहे. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, आपल्याकडेही तीन. गौण वाक्यात जर्मन क्रियापद शेवटी जातं, तेव्हा इंग्रजीची सवय असलेले अडखळतात. आपण तर आयुष्यभर क्रियापद शेवटीच ठेवत आलो आहोत. ‘झी’ आणि ‘डू’ म्हणजे तुम्ही आणि तू. फसगत होते ती एकेका शब्दापाशी. आपलं ते टेबल जर्मनमध्ये पुल्लिंगी, आपला तो सूर्य तिथे स्त्रीलिंगी. म्हणून नाम कधीही एकटं पाठ करू नका, त्याचं उपपद जोडूनच करा. ‘तुम्ही’चं गणितही वेगळं आहे. आपण वयाने मोठ्याला तुम्ही म्हणतो, तर जर्मन माणूस कोणत्याही अनोळखी प्रौढाला ‘झी’ म्हणतो, मग तो विशीतला का असेना. ‘डू’वर यायचं निमंत्रण सहसा वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीकडून येतं. एकच पत्र ‘झी’ने सुरू करून ‘डू’ने संपवणं ही लेखी परीक्षेत हमखास दिसणारी चूक.

भाषेच्या परीक्षेत ऐकणं २५ मिनिटं, वाचन ४५, लेखन ३० आणि बोलणं साधारण १६ मिनिटं असतं. पातळ्यांचा क्रम ए१, ए२, बी१, बी२ असा, आणि कोर्सचं लक्ष्य बी१. ते मिळवायचं तर बोलण्यात बी१ हवंच, शिवाय लेखन किंवा ऐकणं-वाचन यांपैकी एकात. म्हणजे बोलण्यात घसरलात तर बाकी सगळं उत्तम असूनही ए२वर थांबाल. बोलण्याचा शेवटचा भाग जोडीदाराबरोबर काहीतरी ठरवण्याचा असतो. तिथे भाषण ठोकायचं नाही. प्रश्न विचारा, नकार द्या, दुसरी वेळ सुचवा. लेखनात एक पत्र आणि त्यासाठी चार मुद्दे असतात. व्याकरण सुंदर असूनही एक मुद्दा सुटला की गुण जातात, तेव्हा आधी चारही मुद्द्यांवर एकेक वाक्य लिहा आणि मग ती वाढवा.

बी१चा प्रत्यक्ष फायदा मोठा आहे: ब्लू कार्डधारकाला कायम निवास २७ऐवजी २१ महिन्यांत मागता येतो. पण नोकरीच्या ठिकाणी बी१ अपुरं पडतं, आणि हे शाळा पुरेसं स्पष्ट सांगत नाहीत. बाव्हेरियातला किंवा श्वाबियातला शेजारी आपल्या बोलीत बोलू लागला की वर्गातली जर्मन कुठे गेली असं वाटेल. ते स्वाभाविक आहे.

शेवटच्या १०० तासिकांत राजकारण, इतिहास आणि समाज असे तीन भाग येतात. “इथली संस्कृती स्वीकारा” म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न खरा इथे सुटायला हवा. चांगला शिक्षक इथे कायदा आणि रीत वेगळी करून दाखवतो. मुलाला चापट मारणं ही घरची बाब नाही; मारहाणीशिवाय वाढण्याचा हक्क मुलांना २०००पासून कायद्याने दिला आहे. मुलांना शाळेत पाठवणं बंधनकारक आहे, घरी शिकवतो म्हणून चालत नाही. रविवारच्या शांततेला तर थेट राज्यघटनेचा आधार आहे, म्हणून त्या दिवशी भिंतीत ड्रिल चालवल्यावर शेजारी तक्रार करतो तेव्हा तो खडूस असतोच असं नाही. याउलट घरी काय शिजतं, देवघर आहे की नाही, मुलांशी कोणत्या भाषेत बोलायचं, यांत राज्याला काही म्हणायचं नाही. घटनेचं चौथं कलम धर्माचं स्वातंत्र्य सगळ्यांना देतं, आलेल्यांनाही.

सीमा कुठे आखायची याचं उत्तम उदाहरण न्यायालयाने दिलं आहे. एका मुस्लिम विद्यार्थिनीला मुलामुलींच्या एकत्र पोहण्याच्या तासातून सूट हवी होती. लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने २०१३मध्ये सांगितलं की तासाला हजर राहायचं, अंगभर पोहण्याचा पोशाख घालायला हरकत नाही. सहभाग सक्तीचा, पोशाख स्वतःचा. जुळवून घेण्याची याहून न्याय्य व्याख्या सापडणं कठीण आहे. प्रत्येक वर्गात या निकालावर एक पूर्ण तासिका व्हायला हवी.

या १०० तासिकांची परीक्षा मात्र या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. ३३ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, वेळ एक तास. त्यातले ३० देशाचे आणि ३ तुम्ही राहता त्या राज्याचे. पास व्हायला १५ बरोबर उत्तरं पुरतात, म्हणजे निम्मीसुद्धा नाहीत. प्रश्न ज्या ३१०मधून येतात ते सगळे बामफच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, त्यामुळे काहीजण घरी घोकून येतात आणि वर्गात मागच्या बाकावर फोन बघत बसतात. तुम्ही किमान १७चं लक्ष्य ठेवा. तेवढ्या गुणांवर हाच निकाल नागरिकत्वासाठी चालतो आणि २५ युरोंची वेगळी परीक्षा वाचते. अर्थात भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून जर्मन पासपोर्ट घेताना भारतीय नागरिकत्व सुटतं. हा निर्णय घरात बसून, सावकाश घ्यायचा.

कोर्सची मोठी उणीव म्हणजे वर्गात शिक्षक सोडला तर जर्मन माणूसच नसतो. वीस-पंचवीस परदेशी एकमेकांशी मोडकं जर्मन बोलतात आणि मधल्या सुट्टीत आपापल्या भाषेत शिरतात. स्थानिकांनी नव्यांशी कसं वागावं, याच्या मात्र शून्य तासिका. एकत्र राहण्याचं ओझं असं एकाच खांद्यावर टाकणं चूक आहे. हे बदलेपर्यंत उपाय आपल्याच हातात आहे: तिसऱ्या टप्प्यापासून आठवड्यातली एक संध्याकाळ क्रीडामंडळात, गायनवृंदात किंवा शाळेच्या पालकसभेत घालवा.

रोमन लिपी नवी असलेल्या आईवडिलांसाठी साक्षरतेसह चालणारा वेगळा वर्ग आहे. आधीच चांगली तयारी असेल तर ४३० तासिकांचा जलद कोर्स मागा आणि पुढे बी२साठी नोकरीच्या भाषेचा सरकारी कोर्स लगेच सुरू करा. मध्ये सहा महिने गेले तर बोलणं गंजतं.