शिगा कोगेन: कोरड्या बर्फासाठी तोक्योहून जायचं असेल तर

जपानमध्ये स्कीइंगला कुठे जावं असं विचारलं की निसेको आणि हाकुबा ही दोनच नावं पुढे येतात. मी मात्र नागानो प्रांतातलं शिगा कोगेन सुचवेन, आणि त्याचं पहिलं कारण म्हणजे उंची. आपल्या कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. शिगाच्या इचिनोसे भागातल्या हॉटेलांत तुम्ही साधारण तेवढ्याच उंचीवर झोपता. सगळ्यात वरचं टोक, योकोतेयामा, तर २,३०० मीटरच्याही वर आहे.

याचा परिणाम पायाखाली कळतो. सायबेरियाहून येणारा थंड वारा जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतो आणि डोंगरांवर चढताना ते हिमाच्या रूपात सांडतो. किनाऱ्याजवळच्या डोंगरांवर बर्फ भरपूर पडतो, पण तो ओलसर आणि जड असतो. शिगा आत आहे आणि उंचावर आहे, म्हणून इथे पोचेपर्यंत हवा कोरडी झालेली असते. जानेवारीत पारा उणे दहाच्या खाली सहज जातो. असा बर्फ हातात घेऊन फुंकला तर तांदळाच्या पिठीसारखा उडतो. त्याचा गोळा होत नाही. शिकणाऱ्याला याचा मोठा फायदा: पडलं तरी फारसं लागत नाही.

आम्ही तोक्योत निशिकासाईला राहतो. यंदा नवरा, नऊ वर्षांची लेक आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई असे चौघं गेलो. तोक्यो स्टेशनवरून होकुरिकु शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनने दीड तासाच्या आसपास नागानो, आणि तिथून बस सव्वा तासात थेट वर नेते. स्कीचं सामान आणि बॅगा आधीच कुरिअरने हॉटेलवर पाठवता येतात. लहान मूल आणि वयस्कर माणूस बरोबर असेल तर हे कराच, हात मोकळे राहतात.

नियोजनात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे राहायची जागा. शिगा हे एक गाव नाही. अनेक छोटी स्की-मैदानं एका पासवर चालतात, त्यांतली बरीचशी लिफ्टनी जोडलेली आहेत आणि मधल्या अंतरासाठी बस आहे. योकोतेयामा आणि कुमानोयु मात्र बाजूला पडतात. तिकडे स्कीवरून जाता येत नाही, बस धरावी लागते. नवख्यांनी इचिनोसेला राहावं. ते मध्यावर आहे, उतार रुंद आहे, आणि मुलांना शिकवायला सोयीचं. चांगलं स्की येणाऱ्यांनी याकेबिताइयामाचा डोंगर गाठावा. १९९८च्या नागानो हिवाळी ऑलिम्पिकच्या स्लॅलम आणि जायंट स्लॅलम (खांबांमधून वळणं घेत उतरायच्या) शर्यती शिगाच्याच उतारांवर झाल्या होत्या. (त्याच ऑलिम्पिकमध्ये आपला शिवा केशवन सोळाव्या वर्षी लूजमध्ये, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीत, उतरला होता, हे लेकीला सांगितल्यावर तिचा हुरूप फारच वाढला.) कुमानोयुला राहिलात तर तिथलं हिरवट, गंधकाचं गरम पाणी मिळतं. दिवसभराच्या स्कीनंतर त्या कुंडात बसणं मला सगळ्यांत आवडलं.

बूट, स्की, जाकीट, पँट सगळं भाड्याने मिळतं. बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये सांगावं लागतं, म्हणून घरीच पाऊल मोजून ठेवा. हातमोजे आणि गॉगल आपलेच घ्या.

शाकाहाराचं आधी बोलून ठेवावं लागतं. सासूबाई माशाचा रसही घेत नाहीत, आणि जपानी सुपाचा, सोबा नूडल्स बुडवून खायच्या रसाचा पाया बहुतेक वेळा माशाच्या दाशीचा, म्हणजे अर्काचाच असतो. आम्ही बुकिंग करताना जपानीत लिहून कळवलं, तेव्हा हॉटेलने वेगळं जेवण दिलं. तरीही बरोबर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू नेले होते. सकाळचा गरम भात आणि मेतकूट एवढ्यावर त्या खूश होत्या. नागानोची ओयाकी शोधून खा. भोपळ्याचं किंवा लाल चवळीसारख्या अझुकीचं सारण भरलेली ती जाड पोळी थंडीत फार छान लागते, पण सारणात काय आहे ते विचारून घ्या.

स्की न करणाऱ्यांना खाली जिगोकुदानीला नेता येतं, जिथे माकडं गरम पाण्याच्या कुंडात बसतात. बसथांब्यापासून दीड किलोमीटरच्या आसपास जंगलातली वाट आहे. ती बर्फाने निसरडी असते, पण चांगल्या तळव्याचे बूट घालून सासूबाई हळूहळू चालत गेल्या आणि तिथून हलायला तयार नव्हत्या.

संध्याकाळी मात्र इथे काही नाही. दुकानांची रांग, गजबज, बाहेर फिरून जेवायच्या जागा हव्या असतील तर हाकुबाला जा. काही लिफ्ट जुन्या आणि संथ आहेत, काही हॉटेलांच्या खोल्यांवर वयाच्या खुणा दिसतात. मला याचा त्रास झाला नाही. ज्यांना होतो त्यांनी नव्या इमारतींत थोडे जास्त पैसे घालावेत.

नववर्षाचा आठवडा आणि फेब्रुवारीतल्या सुट्ट्या टाळा. जानेवारीच्या उत्तरार्धात, आठवड्याच्या मधल्या वारी गेलात तर बर्फ ऐन भरात असतो आणि लिफ्टला रांग लागत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला उतार अर्धेच उघडलेले असू शकतात, तेव्हा तिकीट बरंच आधी काढून ठेवायचं असेल तर डिसेंबरऐवजी मार्च निवडा. उंचीमुळे तेव्हाही इथे बर्फ टिकून असतो.