धाबं ठेवायचं की कौलं चढवायची?

चोपड्याकडच्या आतेभावाचं अडलंय ते छपरावर. आजोबांच्या घराचं मातीचं धाबं, म्हणजे सपाट छप्पर, ठेवायचं, की काढून मंगळुरी कौलं चढवायची?

आधी ऊन, कारण आपल्याकडे खानदेशात खरा प्रश्न त्याचाच. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा सागाच्या कड्या, त्यावर फळ्या, पाला-तुराट्या आणि वर फूटभर माती एवढा थर तापायलाच संध्याकाळ होते. कौल भर दुपारीच तापतं. फटींतून गरम हवा निघून जाते हे खरं, पण ती सोय कोकणच्या दमट हवेला जास्त मानवते.

पावसात पारडं फिरतं. आखाजी (अक्षय तृतीया) झाली की धाब्यावर खारी माती टाकून चोपायची, गवत उपटायचं, हे दरवर्षी. नाही केलं तर भिंतीत गेलेलं कडीचं टोक कुजतं आणि खालून पत्ताही लागत नाही. पेचकस खुपसून बघा, भुसभुशीत लागलं तर समजा. कौल फुटलं तर तेवढंच बदलता येतं. सातपुड्याच्या पायथ्याला वानरं ते काम वाढवतात, ते वेगळं.

फूटभर मातीचा भार चौरस फुटाला चाळीसेक किलो, कौलांचा लाकडासकट पाच-सहा. पण उतारासाठी भिंती चढवाव्या लागतात, आणि बिबडे (ज्वारीचे पापड) वाळवायची, वैशाखात झोपायची जागा जाते. घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय ठरवू नये.

बारा महिने माणसं राहत असतील, कड्या ठणठणीत असतील, तर धाबंच. घर फक्त आखाजी-दिवाळीला उघडत असेल, तर कौलं.