स्पिटफायर घडवायचं की मस्टँग जोडायचं?

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाची छोटी, उडणारी प्रतिकृती स्वतः बनवायची, तर आराखड्यांवरून लाकडी स्पिटफायर की धातूचं मस्टँग किट (जोडायला तयार भागांचा संच), या पेचात एक मित्र अडकलाय. जॉन आयझॅक्स यांचं स्पिटफायर १९७५ साली उडालं: मूळच्या ६० टक्के आकाराचं, एकआसनी, चाकं कायम बाहेर. मस्टँगचं किट म्हणजे टायटन टी-५१: मूळच्या पाऊणपट, पुढेमागे दोन आसनं, चाकं आत जाणारी. दोन्हींना १०० अश्वशक्तीचं इंजिन चालतं.

खर्चात लाकूड परवडतं, कारण सामान जमेल तसं घेता येतं. किटला सुरुवातीलाच मोठी रक्कम लागते, इंजिन वेगळंच.

मेहनतीचं मात्र उलट. लाकडात पंखाची प्रत्येक फासळी स्वतः कापायची, चिकटवायची, आणि दमट हवेत चिकटवलेला सांधा दगा देऊ शकतो. किटमध्ये मुख्यतः रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या) मारायचे. तरी जाहिरातीत सांगितलेले जोडणीचे तास विसरा. चाकं आत घेणारी यंत्रणा जुळवतानाच कित्येक रविवार जातात (आणि घरच्यांचा संयमही).

टिकण्याचं म्हणाल तर लाकूड आतून कुजलं तरी बाहेरून कळत नाही, त्यामुळे कोरडा हँगर (विमान ठेवायची शेड) हवाच. अ‍ॅल्युमिनियमचा गंज बहुधा लवकर दिसतो.

सुतारकामाची गोडी आणि सवड असेल तर स्पिटफायर. सोबत कुणाला न्यायचं असेल, पैसा हाताशी असेल, तर मस्टँग.